थिबा पॅलेस नीट बघायचा असेल तर

गणपतीपुळ्याला निघालेल्या गाड्या रत्नागिरीत थिबा पॅलेसला थांबतात त्या अर्ध्या तासासाठी. पोर्चपुढे फोटो होतात, खालच्या दालनांतून एक फेरी होते, जिन्यापाशी 'वर काही आहे का हो?' अशी विचारणा होते आणि 'फार काही नाही बघायला' म्हणत मंडळी माशाच्या थाळीकडे वळतात. त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. काचेच्या कपाटांत काय ठेवलंय एवढ्यावरच हिशेब केला तर अर्धा तासही पुष्कळ झाला. इथे बघायचाय तो वाडा. एका पदच्युत राजाला बडदास्त राखल्यासारखं दाखवत नजरकैदेत कसं ठेवतात, ते या इमारतीच्या खोल्यांत, खिडक्यांत आणि जागेच्या निवडीत दिसतं. त्यासाठी थोडी तयारी लागते आणि अर्धा दिवस लागतो.

घरून निघण्याआधी: एवढी गोष्ट माहीत हवी

आतले फलक जेवढं सांगतात तेवढ्यावर भागत नाही, म्हणून गोष्ट आधीच डोक्यात घेऊन जा.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. १८७८ मध्ये राजधानी मंडालेच्या गादीवर बसला तेव्हा विशीतही नव्हता. त्याआधीची वर्षं बौद्ध मठात शिकण्यात गेलेली. राणी सुपयालत त्याच्यापेक्षा कितीतरी खमकी. १८७९ मध्ये गादीवर हक्क सांगू शकतील अशा अनेक राजपुत्रांची आणि नातलगांची मंडालेत कत्तल झाली, आणि तो डाग या जोडप्यावर कायमचा राहिला. रत्नागिरीत ऐकायला मिळणारी गोष्ट बहुधा 'बिचारा राजा' या सुरात असते, म्हणून हे आधी सांगून ठेवलं. तो बिचारा झाला तो नंतर.

इंग्रजांना युद्धासाठी निमित्त मिळालं सागवानाचं. मुंबईतून कारभार चालणाऱ्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले, असा ठपका ठेवून मंडाले दरबाराने तिला मोठा दंड केला. फ्रेंचांचा वाढता वावर इंग्रजांना आधीपासून खुपत होताच. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रज फौजा इरावती नदीतून वर सरकल्या आणि दोनेक आठवड्यांत सगळं आटोपलं. २९ नोव्हेंबरला राजाला बोटीत बसवलं, १ जानेवारी १८८६ रोजी वरचा ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडला गेला. राजाला आधी मद्रासेत ठेवलं आणि एप्रिल १८८६ मध्ये समुद्रमार्गे रत्नागिरीला आणलं. तेव्हा त्याचं वय होतं २७.

रत्नागिरीच का, याचं उत्तर कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. समोर समुद्र, मागे सह्याद्री, रेल्वे नाही आणि पावसाळ्यात जहाजंही बंद. कैद्याला ठेवायला सरकारला याहून सोयीची जागा कुठे मिळणार होती? या गावात आगगाडी पोचायला त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं गेली.

आता एक हिशेब लक्षात ठेवा, कारण वाड्यात फिरताना तो सतत उपयोगी पडतो. थिबा रत्नागिरीत तीस वर्षं होता. हा वाडा बांधून झाला १९१० मध्ये. राजा वारला डिसेंबर १९१६ मध्ये. म्हणजे ज्या वास्तूला आपण 'थिबा राजाचा पॅलेस' म्हणतो तिथे तो जेमतेम सहा वर्षं राहिला. आधीची सगळी वर्षं सरकारने दिलेल्या बंगल्यांत काढली, 'जागा पुरत नाही, राजाला शोभेल असं घर द्या' असे अर्ज करत.

दिवस आणि वेळ

सोमवारी जाऊ नका, संग्रहालय बंद असतं. इतर दिवशी सरकारी वेळ धरून चाला, म्हणजे साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी पाच-साडेपाच. सणाच्या सुट्ट्या आणि डागडुजीची कामं यांमुळे एखादं दालन किंवा वरचा मजला बंद असू शकतो. लांबून येणार असाल तर आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून चौकशी करून घ्या. तिकीट मामुली असतं, सुटे पैसे जवळ ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात बरी. एप्रिल-मे मध्ये आंब्यासाठी येणारच असाल तर वाडा सकाळीच उरकून घ्या, दुपारी घामाने जीव जातो. पावसाळ्यात येणाऱ्यांना मी नको म्हणणार नाही. आत अंधार असतो, फोटो वाईट येतात, पण सरकारने राजासाठी हे गाव का निवडलं ते जुलैतल्या एका दुपारी जितकं कळतं तितकं डिसेंबरात कळत नाही.

दिवसातली उत्तम वेळ म्हणाल तर दुपारी अडीच-तीन. इमारतीला खाडीकडून, म्हणजे पश्चिमेच्या अंगाने, ऊन मिळतं. खिडक्यांच्या रंगीत काचा तेव्हाच जाग्या होतात. सकाळी याच काचा धुरकट दिसतात.

पोचायचं कसं

कोकण रेल्वेचं रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर पाच-सहा किलोमीटरवर आहे. मुंबईहून पहाटेच्या गाडीने निघालात तर दुपारच्या आत उतरता. बाहेर रिक्षा असतात; बसण्याआधी भाडं ठरवा. मुंबई-गोवा महामार्गाने येणाऱ्यांनी हातखंब्याला फाटा घ्यायचा. कोल्हापूरकरांना आंबा घाट, साखरपा, पाली करत हातखंब्यावरूनच यावं लागतं. पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करू नये. होतो, पण मग वाडा झोपेत बघितला जातो.

गावात 'थिबा पॅलेस' म्हटलं की कुठलाही रिक्षावाला नेतो. 'थिबा पॉइंट' मात्र वेगळी जागा आहे. दोन्ही जवळजवळ असल्याने गोंधळ होतो, नाव स्पष्ट सांगा.

सुरुवात टिळक आळीतून करा

हा माझा हट्ट समजा, पण राजाच्या घरी जाण्याआधी लोकमान्यांच्या घरी जा. टिळक आळीत त्यांचं जन्मस्थान आहे: कौलारू घर, आजूबाजूला माड, आत छायाचित्रं आणि कागदपत्रं. २३ जुलै १८५६ चा जन्म आणि दहाव्या वर्षी पुण्याला प्रयाण, एवढाच टिळकांचा रत्नागिरीशी संबंध, म्हणून लोक हे घर दहा मिनिटांत बघून निघतात.

तुम्ही तिथे मंडालेचा उल्लेख शोधा. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर टिळकांना मंडालेला पाठवलं आणि १९१४ पर्यंत तिथेच ठेवलं. ज्या तुरुंगात त्यांना ठेवलं तो होता मंडालेच्या किल्ल्यात, आणि किल्ला म्हणजे थिबाच्याच राजनगरीचा तटबंदीचा परिसर. इंग्रजांनी राजाला काढून तिथे छावणी बसवली आणि गव्हर्नर जनरल डफरिनचं नाव देऊन टाकलं. १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक त्या तटाच्या आत बसून 'गीतारहस्य' लिहीत होते आणि त्याच सुमारास थिबा रत्नागिरीच्या नव्या वाड्यात सामान लावत होता. रत्नागिरीचा माणूस मंडालेच्या राजनगरीत कैदेत आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत. हे जुळवून आणायला कुणी कादंबरीकार लागला नाही, सरकारी फायलींनीच ते घडवलं.

टिळक आळीतून पॅलेसला रिक्षाने काही मिनिटं लागतात.

आत शिरण्याआधी वाड्याला बाहेरून फेरी मारा

तिकीट काढून थेट दारातून आत जाऊ नका. आधी समोर लांब उभे राहा आणि नंतर जमेल तितकं चारही बाजूंनी फिरा.

तांबूस भिंती, त्यांवर पांढऱ्या कडा, उतरती छपरं, पुढे आलेला पोर्च, अर्धवर्तुळाकार कमानीच्या नक्षीदार लाकडी खिडक्या. मुंबई इलाख्यात त्या काळी बड्या अधिकाऱ्यासाठी बंगला बांधत, तोच नमुना मोठ्या मापात. ब्रह्मी म्हणावं असं यात काय आहे, ते शोधून बघा. फार हाती लागत नाही, आणि तेवढ्यावरून हे घर कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या सोयीने उभं राहिलं ते कळतं.

तुलनेसाठी मंडालेचा राजवाडा डोळ्यांपुढे आणा. तो जवळजवळ सगळा सागवानाचा, सोनेरी मुलाम्याचा, मुख्य शिखर सात छपरांच्या उतरंडीचं. आणि इमारती एकमजली, कारण राजाच्या डोक्यावर दुसऱ्या कुणाचे पाय येणं हा ब्रह्मी रिवाजात अपमान. आता समोरचा हा मजल्यांवर मजले चढवलेला बंगला पुन्हा बघा. राजा खालच्या दालनात बसला असताना वर एखादा नोकर फिरत असेल, या साध्या गोष्टीचं त्या घरात काय होत असेल, असा प्रश्न पडतो. या वाड्यातला मला सगळ्यात बोलका वाटलेला तपशील हाच.

आणखी एक. मंडालेचा मूळ राजवाडा १९४५ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत जळाला. आज तिथे दिसते ती नंतर उभारलेली प्रतिकृती. थिबाच्या हयातीतलं, त्याच्या वावरण्याचं अस्सल घर बघायचं तर ते आता रत्नागिरीत.

तळमजला

इथे राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. मूर्ती आणि जुन्या वस्तू मांडलेल्या आहेत, पण त्यांचा थिबाशी संबंध असेलच असं नाही. घर एकाचं आणि मांडणी दुसऱ्याच विषयाची, असा प्रकार सरकारी संग्रहालयांत नेहमीचा. त्यामुळे दोन गोष्टी वेगवेगळ्या बघा. पहिल्या फेरीत फक्त प्रदर्शनातल्या वस्तू आणि फलक. दुसऱ्या फेरीत वस्तूंकडे साफ दुर्लक्ष करून छत, दारं, चौकटी, फरशी, खोलीतून खोलीत जाणारी वाट.

राजाच्या वापरातल्या वस्तू इतक्या कमी का, असं प्रत्येक जण विचारतो. कारण सरळ आहे. राजाला मिळणारं निवृत्तिवेतन आणि राजेशाही खर्च यांचा मेळ कधी बसला नाही. मंडालेहून आणलेलं जडजवाहीर वर्षानुवर्षं विकलं गेलं, गहाण पडलं. त्यांतलं सगळ्यात प्रसिद्ध माणिक, ङ्गामाउक, तर रत्नागिरीपर्यंत आलंच नाही. राज्य गेलं त्याच गडबडीत ते गायब झालं. सांभाळायला म्हणून एका इंग्रज कर्नलने ते घेतलं, असा थिबाचा आरोप होता आणि तो त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. राजाच्या मृत्यूनंतर कुटुंब १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतलं आणि वाडा सरकारी वापरात गेला. उरणार काय?

लाकूडकामावर हात फिरवायचा मोह आवरा, पण नीट बघा. ज्या लाकडाच्या व्यापारावरून राज्य गेलं त्याची गोष्ट डोक्यात असली की जिन्याचा कठडासुद्धा वेगळा दिसतो.

वरचा मजला

जिना चढताना घाई नको. वडीलधाऱ्यांना पायऱ्या झेपणार नसतील तर खालीच पोर्चजवळ बसवा, सावली चांगली असते.

वर संगमरवरी फरशीचं मोठं दालन आहे. त्याला 'नाचघर' म्हणतात. साहेबी बंगल्यात असं दालन नाचासाठी असे, पण या घरात दरबारी रीत चालायची: राजा-राणीपुढे येणाऱ्याने गुडघ्यांवर यायचं, नजर खाली ठेवायची. राज्य नाही, मुलूख नाही, पण घरातल्या नोकरमाणसांकडून हा रिवाज सुपयालतने शेवटपर्यंत पाळून घेतला. दालनाच्या एका टोकाला उभे राहून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर बघा आणि ते गुडघ्यांवर पार करायचं आहे असं धरा.

मग खिडक्या. रंगीत काचांतून येणारा तिरपा उजेड फरशीवर कुठे पडतो ते बघायला दहा मिनिटं एका जागी थांबावं लागतं. इथूनच खाडीच्या बाजूची मोकळीक जाणवते. काजळी नदी भाट्याजवळ समुद्राला मिळते, पलीकडे क्षितिज, आणि त्याच समुद्रावरून राजाला इथे आणलेलं. जागा सुंदर आहे यात वाद नाही. मात्र या घरातून बाहेर पडायचं, गावाची हद्द ओलांडायची तर परवानगी लागे, आणि राजघराण्यावर लक्ष ठेवायला एक पोलीस अधिकारी खास नेमलेला असे. कोण भेटायला आलं, काय विकलं, पत्र कुणाला गेलं, सगळ्याचा अहवाल सरकारकडे. ते ध्यानात ठेवून पुन्हा एकदा खिडकीतून बाहेर बघा.

राजाच्या चार मुली होत्या; त्या आधीच्या बंगल्यांत वाढल्या आणि मोठ्या झाल्यावर या वाड्यात आल्या. थोरल्या दोघी मंडालेच्या, तिसरी मद्रासेत जन्मलेली, धाकटी रत्नागिरीतच. थोरलीचं मन राजाकडे कामाला असलेल्या गोपाळ सावंत या स्थानिक माणसावर बसलं आणि त्यांना मुलगी झाली, तुतू. नवा वाडा बांधून होण्याच्या आधीची ही गोष्ट. राणीला किती धक्का बसला असेल ते सांगायला नको. पण नात घरातच वाढली. १९१९ मध्ये घराणं परत गेलं, थोरली राजकन्या आणि तुतू मात्र पुढे रत्नागिरीला परतल्या. तुतूने इथल्याच पवार कुटुंबात संसार केला, गरिबीत केला, मराठी बोलत केला आणि २००० मध्ये ती इथेच वारली. राजाची नात गावात आपल्यासारखीच राहत होती, असं सांगणारी म्हातारी माणसं रत्नागिरीत अजून भेटतात. पहारेकऱ्याशी किंवा बाहेरच्या टपरीवाल्याशी चार शब्द आदराने बोललात तर फलकावर नसलेलं बरंच ऐकायला मिळेल. त्यांतलं सगळंच खरं मानू नका, पण ऐकून घ्या.

मागच्या भागात बुद्धाची मूर्ती आहे. ती बघायला विसरू नका. ब्रह्मी म्हणून वाड्यात जे काही शोधत होता, ते बहुतांशी इथेच आहे. पादत्राणं काढायची की नाही ते तिथल्या माणसाला विचारा.

फोटो, मुलं आणि इतर किरकोळ

आत फोटो काढू देतात का, ते तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घ्या, नियम बदलतात. परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवा. पाण्याची बाटली सोबत हवी. पावसाळ्यात ओली छत्री आत नेऊ नका, संगमरवरावर घसरायला होतं.

मुलं कंटाळतील. त्यांना एक काम द्या: प्रत्येकाने एक खिडकी निवडून तिची नक्षी वहीत उतरवायची. 'हात लावू नको' असं वीसदा ओरडण्यापेक्षा हे सोपं पडतं.

आतल्यासाठी दीड तास धरा, बाहेरच्या फेरीसाठी अर्धा.

समाधी चुकवू नका

बहुतेक पर्यटक इथे जातच नाहीत, आणि माझ्या मते वाड्याइतकीच ही जागा महत्त्वाची. शिवाजीनगर भागात थिबाची समाधी आहे, शेजारी धाकटी राणी सुपयागले हिची. ती सुपयालतची सख्खी बहीण, राजाबरोबरच हद्दपार झालेली आणि त्याच्या चार वर्षं आधी, १९१२ मध्ये, रत्नागिरीत वारलेली. रिक्षावाल्याला 'थिबा राजाची समाधी' असं सांगा. त्याने 'तिथे काय आहे?' म्हटलं तरी न्यायला लावा.

राजा गेला तेव्हा त्याचा देह मायदेशी न्यावा, असा सुपयालतचा आग्रह होता. मंडालेत राजाची समाधी झाली तर तिथे लोक गोळा होतील, या भीतीने सरकारने ते नाकारलं. शवपेटी दोन वर्षांहून जास्त काळ तशीच राहिली आणि अखेर १९१९ मध्ये राणीच्या मनाविरुद्ध दफन झालं. त्यानंतर ती ब्रह्मदेशात परतली, पण मंडालेला जायची मुभा तिलाही मिळाली नाही. १९२५ मध्ये रंगूनला वारली. हाच न्याय दिल्लीच्या बादशहाला लावलेला होता: बहादूरशहा जफर १८६२ मध्ये रंगूनला वारला आणि तिथेच पुरला गेला.

म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन डिसेंबर २०१२ मध्ये या समाधीवर येऊन गेले. एरवी शांतता असते. फुलं नेलीत तर चालतात, आरडाओरडा आणि सेल्फीकाठ्या नकोत.

संध्याकाळ आणि पुढचा रस्ता

सूर्यास्त थिबा पॉइंटवरून बघा. शेजारी जिजामाता उद्यान आहे, मुलांना तिथे मोकळं सोडता येतं. खाली भाट्याचा पूल, खाडी आणि मोकळा समुद्र दिसतो. सुट्टीच्या दिवशी गर्दी होते. साडेपाचला जागा धरा.

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी पतितपावन मंदिर बघा. १९२४ ते १९३७ सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळातलं, म्हणजे १९३१ चं, भागोजी कीरांनी बांधलेलं हे मंदिर. मोठ्या माणसांना नजरेखाली ठेवण्यासाठी सरकारला हे गाव थिबानंतरही सोयीचंच वाटत राहिलं, हे त्या तारखांवरून दिसतं. तिथून रत्नदुर्गावर भगवतीचं दर्शन घ्या आणि गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या किनाऱ्याच्या रस्त्याने जा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा रस्ता आहे, पण वाटेत थांबावंसं वाटेल, म्हणून जेवणाची वेळ सैल ठेवा. मोदक हवे असतील तर पुळ्याला आदल्या दिवशीच फोन करून सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाहीत.